कौल मागणं मी थांबवलं

बाबांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला, त्याला माझा एक निर्णय कारणीभूत आहे. ही गोष्ट मी मंडळीत साक्ष देताना कधी सांगितली नाही. देवाने आपल्याला कशी वाट दाखवली, हे सांगायला आपण उभे राहतो. वाट विचारताना आपण कुठे चुकलो, हे सांगायला सहसा कुणी उभं राहत नाही. आज लिहिते आहे, कारण त्या दिवसांनंतर माझं मन हळूहळू बदलत गेलं, आणि ज्या समजुतीपोटी ती चूक झाली ती समजूत आमच्या घराघरांत आजही भक्तिभावाने जपली जाते.

आमच्या मंडळीत 31 डिसेंबरच्या रात्री वर्ष सरतानाची उपासना होते. बारा वाजायच्या आत सगळे गुडघ्यांवर येतात, प्रार्थना होते, मग एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि शेवटी पुढे ठेवलेल्या ताटातून प्रत्येकजण एक चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन असतं. ते त्याचं वर्षाचं वचन. घरी आईकडे पावाच्या आकाराची एक वचनपेटीही होती. सकाळी चहाच्या आधी तिच्यातून एक कार्ड निघायचं, आई ते मोठ्याने वाचायची आणि मगच कपबश्या मांडल्या जायच्या. धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा तिने एकच कार्ड त्याच्या उशाखाली आठवडाभर ठेवलं होतं. या वचनांनी आमच्या घराला किती धीर दिला, ते मी पाहिलं आहे. त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही.

माझी वाट चुकली ती पुढे. ज्या वचनांकडून धीर घ्यायचा, त्यांच्याकडून मी निकाल मागू लागले.

1984 साली माझं बी.एड. झालं आणि मला दोन शाळांकडून बोलावणं आलं. एक शाळा नगरमध्येच, घरापासून दहा मिनिटांवर. दुसरी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची. मी रात्रभर घोळत राहिले. पहाटे प्रार्थना केली, डोळे मिटले, बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. डोळे उघडले तर उत्पत्तीचा बारावा अध्याय. देव अब्रामाला देश, नातलग आणि बापाचं घर सोडून निघायला सांगतो, तो. मी त्याच दिवशी दूरच्या शाळेला होकाराचं पत्र टाकलं. तिथे अकरा वर्षं काढली. आयुष्यातली ती सगळ्यात भरलेली वर्षं. सुटीत नगरला आले की मंडळीत ही साक्ष सांगायचे. ऐकणाऱ्या मुली नंतर माझ्याकडे यायच्या, लग्नाचं, नोकरीचं विचारायच्या, आणि मी त्यांना सांगायचे, ‘वचन माग, खूण माग, खूण मिळेपर्यंत पाऊल टाकू नकोस.’

माझ्या मनातलं चित्र असं होतं : माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक फाट्यावर देवाने एकच वाट माझ्यासाठी नेमलेली आहे. ती त्याला ठाऊक आहे, मला नाही. खरा विश्वासू माणूस ती विचारून घेतो. तिच्यावरून पाय घसरला तर पुढचं सगळं आयुष्य दुय्यम. त्यामुळे निर्णयाची वेळ आली की मला प्रेमाची, न्यायाची, कर्तव्याची आठवण व्हायच्या आधी भीती वाटायची. त्या भीतीलाच मी देवाचं भय म्हणत होते.

ऑगस्ट 2009. बाबा तेव्हा 74 वर्षांचे होते. ते छापखान्यात खिळेजुळारी होते, उभं आयुष्य खिळ्यांच्या केसेससमोर उभं राहून गेलेलं. वीस वर्षांचा मधुमेह. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे अंगठ्याला लागलेली ठेच त्यांना जाणवलीच नाही. आईच्या लक्षात आलं तेव्हा दोन बोटं काळी पडली होती, वास येत होता आणि अंगात 103 ताप होता. दवाखान्यात भरती केलं. सर्जन अनुभवी होते, बोलणं सरळ होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘बाई, गँग्रीन आहे. गुडघ्याखालून पाय काढू द्या. आज काढला तर गुडघा वाचेल. गुडघा वाचला तर हे कृत्रिम पाय लावून आपल्या आपण चालतील. थांबलो तर वर सरकेल, मग गुडघाही जाईल, कदाचित जीवही.’’

भाऊ पुण्याला होता. फोनवर म्हणाला, ‘‘ताई, तू ठरव, मी सही करायला येतो.’’ आई म्हणाली, ‘‘देवाला विचार.’’ बाबांना काही सांगायचं नाही, असं आम्हा सगळ्यांचं न बोलता ठरलं होतं. आजारी माणसाच्या मनावर ओझं नको, ही आपल्याकडची रीतच आहे.

त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी गिदोनासारखी प्रार्थना केली. शास्त्यांच्या पुस्तकात गिदोन खळ्यात लोकर ठेवतो आणि देवाला म्हणतो, लोकर तेवढी ओली होऊ दे आणि जमीन कोरडी राहू दे. दुसऱ्या रात्री उलट मागतो. मी म्हणाले, ‘प्रभो, सकाळपर्यंत बाबांचा ताप उतरला, तर त्यांचा पाय वाचवायची तुझी इच्छा आहे, असं मी समजेन.’ पहाटे नर्सने थर्मामीटर लावला. 99. मी भिंतीला टेकून रडले, देवाची स्तुती केली, भावाला फोन केला. सर्जन आले तेव्हा ऑपरेशनला नकार दिला.

त्यांनी मला समजावलं. ताप अँटिबायोटिकने आणि तापाच्या गोळीने उतरला आहे, पाय जसा होता तसाच आहे, असं म्हणाले. बोटांचं ड्रेसिंग सोडून मला जखम दाखवली. मी पाहिली आणि त्यांना म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुमचा विश्वास नाही, माझा आहे.’’

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढला. पोटरी काळीनिळी झाली, लाली गुडघ्याच्या वर गेली. रात्री साडेअकराला बाबांना आत नेलं. ज्या सर्जनला मी अविश्वासी म्हटलं होतं, त्यांनीच बाबांचा जीव वाचवला. गुडघा वाचला नाही.

गुडघा असणं आणि नसणं यातला फरक मला तेव्हा शब्दाने कळला होता, पुढची पाच वर्षं डोळ्यांनी पाहिला. गुडघ्याखालून पाय गेलेला माणूस कृत्रिम पाय लावून बाजारात जाऊन येतो. गुडघ्याच्या वरून गेला की तो पाय जड होतो, प्रत्येक पावलाला कितीतरी जास्त ताकद लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या हृदयाला ती झेपत नाही. बाबांनी तीन महिने प्रयत्न केला. मग तो पाय पलंगाखाली गेला आणि बाबा वॉकरवर आले.

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते, मी शाळेच्या वह्या तपासत होते. मध्येच त्यांनी विचारलं, ‘‘ते ऑपरेशन पाच दिवस का लांबलं गं?’’ मी सगळं सांगितलं. रात्रीची प्रार्थना, ताप, नकार. मला वाटलं, ते रागावतील किंवा माझं सांत्वन करतील. दोन्ही केलं नाही. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘देवाला विचारलंस, चांगलं केलंस. पण मला का नाही विचारलंस? पाय माझा होता ना?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच पुढे म्हणाले, ‘‘मी म्हणालो असतो, काढा. पायाची माया होती मला, पण गरज गुडघ्याची होती.’’ आणि थोड्या वेळाने, आपल्या धंद्यातली साधी गोष्ट सांगावी तसं, ‘‘तुझं ते 84 सालचं वचनही मला तेव्हाच सांगायचं होतं. पुस्तक जिथे जास्त हाताळलं जातं, तिथे त्याची शिवण सैल होते आणि ते तिथेच उघडतं. तू चार वर्षं संडे स्कूलला अब्राहाम शिकवत होतीस. तुला त्या पोरींकडे जायचंच होतं. जायची इच्छा चांगली होती, म्हणून मी बोललो नाही.’’

त्या संध्याकाळी माझ्या मनातलं चित्र फाटलं. एकदम नवं काही सापडलं नाही. पण एक गोष्ट स्वच्छ दिसली. दवाखान्यातल्या त्या रात्री देव माझ्याशी बोलत नव्हता, असं नाही. अनुभवी सर्जनच्या तोंडून एक स्पष्ट उत्तर आलं होतं, ते मी ऐकलं नाही. बाबांच्या तोंडून दुसरं आलं असतं, ते मी मागितलंच नाही. आणि ज्या थर्मामीटरने फक्त ताप मोजायचा असतो, त्याच्यावर मी देवाचा निकाल वाचला.

आमचे पणजोबा नेवासे तालुक्यातल्या खेड्यात राहायचे. ख्रिस्ती होण्याआधी पेरणी, सोयरीक, प्रवास, कशालाही ते गावच्या देवाला कौल लावायचे. देवाच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी ते सोडलं. ज्यांची त्या रीतीवर श्रद्धा आहे त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पणजोबांनी जे समजून-उमजून सोडलं होतं, तेच मी चौथ्या पिढीत बायबल हातात घेऊन पुन्हा करत होते, आणि त्याला ख्रिस्ती जीवन म्हणत होते. देव बाप आहे असं शिकवायचे आणि त्याच्यापुढे कौल लावून बसायचे.

मग मी पवित्र शास्त्र पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी पुस्तक सलग वाचलं, बोट ठेवून नाही.

गिदोनाची गोष्टच आधी काढली. इतकी वर्षं एक साधी बाब माझ्या लक्षात आली नव्हती. गिदोनाला काय करायचं, हे देवाने लोकर ठेवायच्या आधीच स्पष्ट सांगितलेलं आहे. लोकर त्याच्या विश्वासातून आलेली नाही, धास्तीतून आली आहे. दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच देवाला, रागावू नकोस, असं विनवतो. देव त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतो. पण असं करावं, असं त्या गोष्टीत कुठेही शिकवलेलं नाही. मी मात्र त्याच्या धास्तीचा धडा करून पोरींना शिकवत होते.

प्रेषितांच्या कृत्यांत यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकतात आणि मत्थियाचं नाव निघतं. तो पहिला अध्याय. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचा उल्लेख नव्या करारात मला सापडत नाही. पंधराव्या अध्यायात मंडळीपुढे सगळ्यात मोठा पेच येतो : यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचा भार घालायचा का. तिथे चिठ्ठ्या नाहीत. पुष्कळ वादविवाद होतो, पेत्र बोलतो, पौल आणि बर्णबा आपले अनुभव सांगतात, याकोब शास्त्राचा आधार देऊन निर्णय मांडतो. आणि अंत्युखियाला पाठवलेल्या पत्रात ते लिहितात की हे पवित्र आत्म्याला आणि आम्हालाही योग्य वाटलं. ‘आम्हालाही’ या शब्दावर मी खूप दिवस थांबले. माणसांनी बसून, भांडून, विचार करून काढलेल्या निर्णयात आत्मा वावरू शकतो, हे मी कधी मानलंच नव्हतं.

पौलाची पत्रं तर मी जणू नव्याने वाचली. थेस्सलनीकाकरांना तो सांगतो की आम्ही अथेनैत एकटं राहणं बरं समजलो आणि तीमथ्याला तुमच्याकडे पाठवलं. फिलिप्पैकरांना सांगतो की एपफ्रदीताला परत पाठवणं मला जरुरीचं वाटलं. दर्शन झालं, असं म्हणत नाही. बरं वाटलं, जरुरीचं वाटलं, एवढंच म्हणतो. विधवेने पुन्हा लग्न करावं का, यावर करिंथकरांना लिहिताना तो तिला मोकळी ठेवतो, प्रभूमध्ये राहून हव्या त्या माणसाशी कर, म्हणतो. इतकी मोठी गोष्ट आणि इतका मोकळेपणा. त्या विधवेला मी सल्ला दिला असता, तर खुणेची वाट बघत बसवलं असतं.

कुणी म्हणेल, पौलाला दर्शनंही झाली. झाली, आणि मी ती नाकारत नाही. त्रोवसात रात्री मासेदोनियाचा एक माणूस त्याला दर्शनात बोलावतो. पण ते मागून मिळालेलं नाही. पौल आधीच चालत होता, आसिया आणि बिथुनियाच्या वाटा बंद झाल्या होत्या. दर्शनानंतरही सोबत्यांनी मिळून त्याचा अर्थ लावला आणि मगच निघाले. आणि त्या मार्गदर्शनाने त्यांना कुठे नेलं? फिलिप्पैत फटके आणि तुरुंग. खूण मिळाली म्हणजे वाट सोपी होईल, हेही माझंच जोडलेलं होतं.

याच काळात पंडिता रमाबाईंचं चरित्र मी वेगळ्या नजरेने वाचलं. लहानपणापासून ते मला देवाने आखलेल्या सरळ रेषेसारखं शिकवलं गेलं होतं. रेषा सरळ नव्हती. 1883 साली त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं, परत येऊन आपल्या बायकांची सेवा करायची, हा हेतू चांगला, मागणंही चांगलं. पण कान अधू होते, आणि त्या शिक्षणाचं दार बंद झालं. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्यांनी चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्यासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ, विधवा मुली आणल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या वेळी त्यांना वेगळ्या खुणेची काय गरज होती? त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते. भूक काय करते, हे त्यांना ठाऊक होतं. समोर भुकेल्या मुली होत्या. जे कळलं होतं तेवढ्यावर त्या निघाल्या.

दुसरा माणूस जर्मनीतला, पाळक आणि धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर. जून 1939 मध्ये मित्रांच्या आग्रहाने तो न्यूयॉर्कला पोचला. हिटलरच्या राज्यापासून सुरक्षित जागा, काम, मान, सगळं तयार होतं. पण त्याचं मन तिथे रमेना. 20 जूनला त्याने ते काम नाकारलं आणि परत जायचं ठरवलं. रोजनिशीत लिहिलं की आपल्या निर्णयामागचे खरे हेतू आपल्यालाच पुरते कळत नाहीत. सहा दिवसांनी दैनंदिन वाचनात त्याच्यासमोर तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं वचन आलं, ज्यात पौल तीमथ्याला हिवाळ्याआधी येऊन पोच असं विनवतो. ते त्याच्या मनाला भिडलं, आणि ते आपल्यालाच सांगितलं आहे असं मानण्यात शास्त्राचा गैरवापर नाही, असंही त्याला वाटलं. मला इथे क्रम मोलाचा वाटतो. वचन नंतर आलं. निर्णय आधी झाला होता, आणि त्याचं कारण त्याने एका मित्राला कळवलं : आपल्या लोकांच्या कसोटीच्या काळात त्यांच्यासोबत राहिलो नाही, तर युद्धानंतर त्यांच्या उभारणीत भाग घ्यायचा हक्क मला उरणार नाही. वचनाने त्याच्यासाठी निर्णय घेतला नाही, घेतलेल्या निर्णयावर चालायला बळ दिलं. 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी झाली. मग तो निर्णय चुकला म्हणायचा का? मी तसं म्हणू शकत नाही. शेवट कसा झाला, यावरून निर्णय विश्वासाचा होता की नाही, हे ठरत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते आईमुळे.

2016 साली आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय 79. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे धोका आहे. ऑपरेशन केलं तर भुलीचा आणि नंतर रक्ताची गाठ होण्याचा धोका. नाही केलं तर अंथरुणाला खिळणं, पाठीला जखमा, छातीत कफ. खात्रीची वाट नव्हतीच. या वेळी मी खूण मागितली नाही. प्रार्थना केली ती शहाणपणासाठी. याकोबाच्या पत्रात ज्याला शहाणपण उणं असेल त्याने ते मागावं म्हटलं आहे, तेवढंच. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. भाऊ रात्रीच्या गाडीने आला. आणि आम्ही दोघे आईच्या पलंगापाशी बसलो आणि तिला सगळं सांगितलं, धोक्यासकट.

तिने आधी विचारलं, ‘‘ऑपरेशन केलं तर माझं मला न्हाणीघरात जाता येईल का?’’ डॉक्टरांनी सांगितलं होतं की आशा आहे. म्हणाली, ‘‘मग करा. पडून राहून तुमच्या हातून सगळं करून घ्यायचं मला नको.’’ मग आम्ही तिघांनी हात धरून प्रार्थना केली. ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून ती चार पावलं चालली आणि माझ्याकडे बघून हसली. नवव्या दिवशी पहाटे फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली आणि ती गेली.

माझं दुःख मोठं होतं. पण 2009 च्या त्या रात्रीनंतर जो पोखरणारा अपराधी भाव होता, तो या वेळी नव्हता. तेव्हा मला खूण मिळाली होती आणि मी एकटी होते. या वेळी खूण नव्हती, पण ज्यांच्याजवळ असायला हवं त्या सगळ्यांजवळ मी होते : आईजवळ, भावाजवळ, सत्याजवळ, आणि माझा विश्वास आहे की देवाजवळही. जे कळण्यासारखं होतं ते आम्ही कळून घेतलं, जे आमच्या हातात नव्हतं ते त्याच्या हातात दिलं. निकाल आम्हाला हवा तसा लागला नाही. तरी त्या पहाटे मी देवाला, तू मला फसवलंस, असं म्हणाले नाही, कारण मी त्याच्याकडून हमी घेतलीच नव्हती.

विश्वास म्हणजे पुढचं दिसणं, असं मी अर्धं आयुष्य मानलं. इब्री लोकांना लिहिलेलं पत्र तर अब्राहामाबद्दल सांगतं की आपण कुठे जातो हे ठाऊक नसताना तो निघाला. उत्पत्तीच्या माझ्या आवडत्या त्या अध्यायाचा खरा धडा हाच होता. देवाने त्याला वाटेचा नकाशा दिला नाही, सोबत दिली.

आता मी निर्णय कसा घेते, हे कुणी विचारलं तर थोडक्यात सांगते. देवाची जी इच्छा आधीच उघड आहे, ती पुन्हा विचारत नाही. खोटं बोलू का, दुबळ्याचं ओरबाडू का, म्हाताऱ्या माणसाला टाकू का, यावर प्रार्थना करायची नसते. त्या हद्दीच्या आत जेव्हा दोन-तीन वाटा खुल्या असतात, तेव्हा माहिती घेते, जाणत्यांना विचारते, आणि कोणत्या वाटेने माझ्या हातून जास्त प्रेम घडेल, हे बघते. माझी एक सहशिक्षिका वसईची, कॅथलिक. तिने मला संत इग्नेशियस लोयोलांची शिकवण सांगितली. तेही पायाच्याच दुखण्यात शिकले. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला, आणि महिनोन् महिने पडल्या पडल्या ते स्वतःच्या विचारांचा माग ठेवू लागले : कोणता विचार गेल्यावर मन कोरडं होतं, कोणत्या विचारानंतर आनंद टिकून राहतो. त्यांचे दोन सल्ले मी धरून ठेवले आहेत. हाच पेच एखाद्या अनोळखी माणसाचा असता तर त्याला काय सांगितलं असतं, ते स्वतःला सांगावं. आणि मन काळोखात असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

आणि हे सगळं करूनही चूक होऊ शकते, हे मी मान्य केलं आहे. माझ्या चुकीने देवाची योजना कोसळेल, इतकी मी मोठी नाही. बाबा पुढची पाच वर्षं त्याच ओट्यावर बसून मंडळीतल्या मुलांना शुद्धलेखन शिकवत राहिले. त्यातली चार मुलं आज चांगलं लिहितात. म्हणून पाय गेला ते बरं झालं, असं मी कधीही म्हणणार नाही. त्या चुकीची क्षमा मी बाबांकडे मागितली, देवाकडे मागितली, आणि त्या सर्जनकडे जाऊनही मागितली. तिघांनीही दिली.

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. पुण्यातली नोकरी सोडून गावाकडच्या शेतीत उतरावं का, असा पेच होता. म्हणाला, ‘‘आत्या, माझ्यासाठी एक वचन काढ ना.’’ मी म्हणाले, ‘‘वचन काढते, तुला धीर म्हणून. पण आधी सांग, विहिरीला मेपर्यंत पाणी राहतं का? कर्ज किती आहे? आणि तुझी बायको काय म्हणते?’’ तो गप्प झाला. बायकोला त्याने अजून विचारलं नव्हतं.

31 डिसेंबरच्या रात्री मी अजूनही चिठ्ठी उचलते. आईची वचनपेटीही माझ्याकडे आहे आणि सकाळी चहाच्या आधी तिच्यातून एक कार्ड निघतं. तिचा आकार पावाचा का, ते आता मला कळतं. वचन ही रोजची भाकर आहे. भाकरीने चालायची ताकद येते. कुठे वळायचं, ते चालणाऱ्याने डोळे उघडे ठेवून बघायचं असतं.

हे वाचणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एकच विनंती आहे. आज तुमच्या घरात एखादा निर्णय अडला असेल, कुणाच्या आजारपणाचा, लग्नाचा, शिक्षणाचा, जमिनीचा, तर प्रार्थना जरूर करा. पण गुडघ्यांवरून उठल्यावर खुणेची वाट बघत बसू नका. तो निर्णय ज्याच्या आयुष्याचा आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याला खरं काय ते सगळं सांगा, आणि त्याचं मत विचारा.